पावणीची वही आधी उघड

पत्र

ताई, नमस्कार.

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका लहान गावचा. वय ३६, वेर्ण्याला औषधांच्या कारखान्यात नोकरी. पहाटे कंपनीच्या बसने जातो, रात्री परततो. आमच्या गावची जत्रा मार्गशीर्षात असते आणि दुसऱ्या रात्री गावातलीच माणसं नाटक करतात. आजोबांच्या काळापासून कोविडची वर्षं सोडली तर नाटक चुकलेलं नाही.

नाटकाचे पैसे २२ वर्षं माझ्या वडिलांचे चुलतभाऊ सांभाळतात. सगळा वाडा, म्हणजे आमची वस्ती, त्यांना काका म्हणतो. कदंब या सरकारी बससेवेतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेत. यंदा आम्ही पोरांनी हट्ट धरला आणि मला खजिनदार केलं. मी मागच्या तीन वर्षांचा हिशेब मागितला. वर्गणीची पावतीपुस्तकं मिळाली, दुसऱ्या दिवशीच्या पावणीची, म्हणजे देवापुढच्या लिलावाची, वही मिळाली (ते पैसे आमच्याकडे नाटकाला देतात), पण खर्चाचं काहीच लिहिलेलं नव्हतं. काका म्हणाले, ‘सगळं माझ्या डोक्यात आहे.’ मग मी सेटिंगवाला, साउंडवाला, लाइटवाला अशा सगळ्यांना फोन करून खर्च काढला. जमा आणि खर्च यांत तीन वर्षांत मिळून ४१ हजारांचा फरक पडतो. रात्री साडेअकराला मी ते आकडे वाड्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले आणि खाली लिहिलं, ‘उत्तर हवं.’

काकांनी ग्रुप सोडला. गणेशचवथीत ते आमच्या घरी आले नाहीत. आरतीला घुमट (मातीचं तालवाद्य) त्यांचंच असतं, त्यामुळे यंदा आमची आरती नुसत्या टाळांवर उरकली. खालच्या वाड्याने ‘आम्ही आमचं वेगळं नाटक करतो’ असं जाहीर केलंय. मित्र म्हणतात मामलेदाराकडे तक्रार कर. एकजण म्हणतो ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषय काढ. आई म्हणते राजीनामा दे आणि गप्प बस. ताई, मी चुकलो का? आणि आता काय करू?

– एक खजिनदार, सत्तरी

उत्तर

खजिनदारा,

मी तुला ‘तू’च म्हणणार. प्राथमिक शाळेत ज्यांना शिकवलं त्यातली पहिली पोरं आज तुझ्यापेक्षा मोठी आहेत.

चुकलास का, ते आधी सांगते. हिशेब मागितलास यात काही चूक नाही. तो साडेअकरा वाजता ग्रुपवर मागितलास, तिथे चुकलास. ६८-७० वर्षांच्या माणसाला त्याच्या सुनेने सकाळी चहाबरोबर फोन दाखवला असेल आणि त्याआधी वाड्यातल्या साठ जणांनी तो वाचलेला असेल. पण हे तुलाही कळलंय. ‘उत्तर हवं’ हे दोन शब्द तू पत्रात लपवले नाहीस, यावरूनच दिसतं.

मला अडकवलं ते पावणीच्या वहीने.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, देवापुढे आलेले नारळ, केळ्यांचे घड, अननस, कधी एखादा भोपळा, यांचा जत्रेत लिलाव होतो त्याला आम्ही पावणी म्हणतो. बाजारात चाळीस-पन्नासला मिळणारा नारळ तिथे हजारालाही जातो. आखातातून सुट्टीवर आलेला एकजण बोलतो, त्याच्यावर सरपंचपदाची इच्छा असलेला दुसरा बोलतो, आणि दोघांच्या बायका मागे उभ्या राहून एकमेकींकडे बघत असतात. त्या भावाचा नारळाशी काही संबंध नसतो. गाव ऐकत असतं म्हणून आकडा चढतो. बोली माइकवर होते, वसुली मात्र माइकवर होत नाही. ‘सकाळी आणून देतो’ म्हणून माणूस नारळ घेऊन जातो, आणि ती सकाळ कधी कधी पुढच्या जत्रेपर्यंत उजाडत नाही.

आता सांग, वहीत काय लिहिलेलं असतं? बोली. नाव आणि आकडा. तू तो आकडा ‘जमा’ म्हणून धरलास. त्या वहीत ‘मिळाले’ असा रकाना आहे का, ते बघ. नसणार. माझ्या माहितीतल्या एकाही पावणीच्या वहीत मी तो पाहिलेला नाही.

दुसरं म्हणजे तुझे काका कंडक्टर होते. शेवटच्या फेरीनंतर वेबिल भरायचं, चिल्लर मोजायची, दोन रुपये कमी भरले तर आपल्या खिशातले घालायचे आणि मगच घरची वाट धरायची, यात ज्याचं आयुष्य गेलं त्या माणसाला हिशेब लिहिता येत नाही, हे मला कुणी सांगू नये. त्याला लिहिता येतो. त्याने तो लिहिला नाही. का लिहिला नाही, एवढाच प्रश्न आहे, आणि त्याची दोन उत्तरं असू शकतात. एक, पैसे त्यांनी वापरले. दोन, लिहायला बसलं की कुणी पावणीचे पैसे बुडवले ती नावं कागदावर आली असती, आणि ती नावं त्यांच्या भावकीतली, शेजारातली आहेत. मी काकांची वकिली करत नाही. पहिलं उत्तरही खरं असू शकतं. पण तू दुसरं उत्तर तपासलंच नाहीस, आणि ते तपासणं पहिल्यापेक्षा सोपं आहे. वहीतली नावं घे, एकेका घरी जा आणि विचार. त्या यादीत तुझ्या वडिलांचं नाव आहे का, तेही बघ. असलं तर तिथूनच सुरुवात कर.

खर्चाचंही तसंच. तू फोन केलेस ते बिल देणाऱ्यांना. ज्यांना बिल देता येत नाही त्यांचं काय? बाहेरून आणलेल्या स्त्रीपात्राच्या नाइटचा, म्हणजे एका रात्रीच्या मानधनाचा, आकडा तुला मिळाला असेल. पण तिच्यासोबत येणारी आई किंवा मावशी, गाडीचा ड्रायव्हर, त्यांचं जेवण? पहाटे नाटक सुटल्यावर पेटीवाल्याला फोंड्यापर्यंत सोडलं त्या गाडीचं पेट्रोल? ऐन दुसऱ्या अंकात वीज गेली तेव्हा जनरेटरमध्ये ओतलेलं डिझेल? पडदा ओढणाऱ्या पोराच्या हातावर ठेवलेले शंभर? आणि तालमीचा चहा तर कुणी मोजतच नाही. जरा मोजूया. दीड महिना तालीम म्हणजे ४५ रात्री. रोज नट, प्रॉम्प्टर, तबलजी आणि उगाच बघायला आलेले धरून वीस माणसं. कप दहा रुपयांना धरला तर नऊ हजार होतात. भजी धरलेलीच नाहीत. तुझे ४१ हजार तीन वर्षांचे, म्हणजे वर्षाला साडेतेरा हजारांवर थोडे. माझ्या या गणिताने काही सिद्ध होत नाही, काकांच्या डोक्यातला हिशेब कसल्या कसल्या गोष्टींचा असेल याचा तुला अंदाज यावा म्हणून मांडलं. तुला त्या गोष्टी दिसल्या नाहीत यात तुझा दोष नाही. वेर्ण्याहून रात्री परतणारा माणूस तालमीला पोचतो तेव्हा चहाचे कप धुऊन झालेले असतात.

आता मामलेदार. तुझे मित्र बोलतात त्याला आधार आहे. पोर्तुगीज काळातला, १९३३ सालचा महाजनी कायदा आजही आपल्याकडे चालतो आणि त्याखाली मामलेदार हा देवस्थानांचा प्रशासक असतो. नोंदलेल्या देवस्थानाच्या समितीची निवडणूक, अंदाजपत्रक, हिशेब यांवर त्याची नजर असते. पण गोव्यातली सगळीच देवळं त्या कायद्याखाली नोंदलेली नाहीत, आणि नाटकाचा फंड हा देवस्थानाचा पैसा असतोच असंही नाही. तू तक्रार दिलीस की पहिला प्रश्न येईल, हा पैसा कुणाचा? तुमच्याकडे पावणी देवाची आणि पैसे नाटकाला, असं तूच लिहिलंयस. मग कुणीतरी विचारणार, देवाचे पैसे नाटकाला द्यायचं कुणी ठरवलं? ठरवणारे कोण, गावकर (गावाची मूळ घराणी) कोण, कुणाचा मान कुठला? एकेचाळीस हजारांची चौकशी सोडून गाव शंभर वर्षांपूर्वीच्या मानपानात शिरेल. अशा वादांत देवळाला टाळं, मांडावर (उत्सवाच्या जागेवर) पोलीस आणि ऐन उत्सवात जमावबंदीचा हुकूम, हे आपण गोव्यात पुष्कळदा वाचलेलं आहे. त्यातल्या बऱ्याच वादांची सुरुवात याहून लहान होती. मामलेदाराचं दार जानेवारीतही उघडं असेल. पैसे देवस्थानाचेच होते आणि कुणी खाल्लेच, असं सगळं तपासून निघालं तर तेव्हा जा. जत्रेआधी नको.

तुमचं मंडळ सोसायटी म्हणून नोंदलेलं आहे का? असेल तर घटना काढून वाच, हिशेब कुणी कुणाला द्यायचा ते तिच्यात लिहिलेलं असेल. बहुतेक नसेलच. आपल्याकडची अर्धी नाट्यमंडळं फक्त बॅनरवर असतात.

ग्रामसभेचं विसरून जा. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, रविवारी सकाळी माणसं तिथे जमतात ती पाणी, रस्ते, कचरा, कुणाच्या डोंगरकापणीला परवाना दिला यासाठी. नाटकाच्या चहाचा हिशेब हा पंचायतीचा विषय नव्हे. शिवाय तिथे तालुक्याचा वार्ताहर बसलेला असतो. सोमवारच्या पेपरात तुझ्या गावाचं नाव छापून आलं की मग काका ग्रुपमध्ये परतण्याची गोष्टच सोड.

म्हणजे उरले काका. त्यांच्याकडे तुला जायचंच आहे, आणि एकट्याने. रविवार बघ, तिन्हीसांजा टाळ, चार-साडेचारला जा, माणूस दुपारची झोप काढून सोप्यावर बसलेला असतो तेव्हा. मित्र नको, आई नको (आई रडेल आणि मग बोलणं रडण्यावर जाईल), आणि फोन घरी ठेव. माफी कशाची मागायची ते नीट ठरवून जा. हिशेब मागितल्याची माफी मागू नकोस, ती खोटी होईल आणि काकांना ते कळेल. माफी माग ती चारचौघांत मागितल्याची. ‘मी आधी तुमच्याकडे यायला हवं होतं’ इतकंच. पुढे लगेच ‘पण’ जोडू नकोस. त्या दिवशी हिशेबाचा विषयच काढू नकोस. ते काढतील. कंडक्टर माणूस आहे, त्याला न जुळलेला हिशेब घेऊन झोप येत नसणार.

आणि हे सगळं घरच्या भाषेत बोल. तू म्हणशील, हे काय सांगायला हवं? हवं. आपल्याकडे नाटक मराठीत, भजन मराठीत, देवळातलं कीर्तन मराठीत, सकाळचा पेपर मराठीत, आणि भांडून झाल्यावर एकमेकांना हाक मारायची ती कोंकणीत. रंगमंचावर ‘महाराज, आज्ञा असावी’ म्हणून मुजरा करणारा माणूस विंगेत पाऊल पडताक्षणी ‘च्या खंय रे?’ म्हणतो, आणि दोन्ही भाषा त्याच्याच असतात. ग्रुपवर तू लिहिलंस ते पेपरातल्या मराठीत, म्हणून ते नोटिशीसारखं वाजलं. तेच सोप्यावर घरच्या बोलीत विचारलं असतंस तर काकांनी तुला दोन शिव्या घातल्या असत्या आणि आत जाऊन कागद आणले असते.

पुढच्या रविवारी चार-पाचजण बसा. खालच्या वाड्यातला एक जाणता हवाच. पावणीची वही मध्ये ठेवा आणि ‘मिळाले’चा रकाना आता ओढा. काकांना आठवेल तो खर्च त्यांच्या तोंडून सांगू दे, तू लिहून घे. मध्ये ‘पावती कुठाय’ म्हणू नकोस, २२ वर्षांत कुणी मागितली नव्हती. जे जुळेल ते जुळेल. जे जुळणार नाही त्यापुढे ‘मेळ लागला नाही’ असं स्वच्छ लिहा, सगळ्यांनी सह्या करा आणि पान उलटा. असं अर्धवट सोडणं तुझ्यासारख्या कारखान्यातल्या माणसाला आवडणार नाही. तुमच्याकडे औषधाच्या एका बॅचचा कागद अपुरा असला तर माल बाहेर पडत नसेल. गावात तो पडतो.

आणि पैसे खरंच गेले असं निघालं तर? रक्कम मोठी निघाली, काका डोळे चुकवायला लागले, असंही होईल. तर त्या पाचजणांतच ठरवा, किती परत करायचे आणि कधीपर्यंत. ते ग्रुपवर जाणार नाही याची जबाबदारी तू घे. यापुढे रोकड काकांच्या हातात नको, पण नाटकाआधीचा नारळ त्यांच्याच हातून वाढवा. मी हे औदार्य म्हणून सांगत नाही. तुमच्या नाटकात कुठला प्रवेश कुठे रेंगाळतो, कुठलं पद लोक पुन्हा मागतात, कुणाला दोन पेले घेतल्याशिवाय संवाद आठवत नाहीत, हे सगळं ज्याला ठाऊक आहे असा माणूस तुमच्या गावात एकच दिसतो.

वेगळ्या नाटकाबद्दल माझ्या माहेरचं सांगते. पेडणे तालुक्यातलं गाव, नाव नको. माझा थोरला भाऊ नाटक बसवायचा आणि त्याचा जिवलग मित्र पैसे बघायचा. पेट्रोमॅक्सच्या भाड्यावरून वाजलं. पुढच्या जत्रेला दोन नाटकं झाली, एक देवळापुढे, एक शाळेच्या पटांगणात, एकाच रात्री. इकडच्या राजाचं पद तिकडच्या सेनापतीच्या संवादात ऐकू येत होतं. बाया दोन्हीकडे भाकऱ्या भाजत होत्या, कारण बायांची माहेरं एका वाड्यात आणि सासरं दुसऱ्यात. असं तीन वर्षं चाललं. चौथ्या वर्षी दोन्हीकडे पात्रं पुरेनात आणि दोन्ही नाटकं बंद पडली. भावाचा आणि त्या मित्राचा अबोला नऊ वर्षं टिकला. मग एका लग्नात जेवणाच्या पंगतीत शेजारी बसावं लागलं आणि तिथे तो सुटला. दोघांपैकी एकालाही पेट्रोमॅक्सचा आकडा नक्की आठवेना. एक म्हणे नऊशे, दुसरा म्हणे अकराशे, आणि त्यावरून ताटावरच पुन्हा जुंपणार होती.

म्हणून खालच्या वाड्याला ‘करा तुमचं वेगळं’ असं रागाने म्हणू नकोस. त्यांना यंदा सगळ्यात मोठी भूमिका दे. त्यांच्यात मुली गात असतील तर त्यांना विचार. बाहेरून स्त्रीपात्र आणण्याचा खर्च वाचेल आणि वेगळ्या नाटकाची नायिका तुमच्या नाटकात येईल. हे डावपेच वाटतात? आहेतच.

राजीनामा देऊ नकोस. आत्ता दिलास तर गाव म्हणेल की आरोप खोटा होता म्हणून पळाला, आणि काकांची बाजूही त्याने मोकळी होणार नाही. आईला सांग, जत्रा होऊ दे, मग बघू. यंदाचं काम मात्र असं कर की पुढच्या खजिनदाराला फोन फिरवावे लागू नयेत. पावणीच्या वहीला दोन रकाने, बोली आणि मिळाले. एक जाड वही फक्त खर्चाची, तीत चहाही. दर रकमेपुढे दोन सह्या, एक तुझी आणि एक खालच्या वाड्याची. आणि वर्गणी तुझ्या फोनच्या क्यूआर कोडवर घेऊ नकोस, पोरं तेच सुचवतील, सोपं म्हणून. मंडळाच्या नावाने बँकेत खातं उघड. तुझ्या पगाराच्या खात्यात गावाचे पैसे मिसळले की पाच वर्षांनी कुणीतरी ३६ वर्षांचा पोरगा तुझ्याकडे हिशेब मागायला येईल, आणि तू म्हणशील, ‘सगळं माझ्या फोनमध्ये आहे.’

ग्रुपवरचा तो मेसेज पुसायच्या भानगडीत पडू नकोस. सगळ्यांनी वाचलाय, स्क्रीनशॉट काढलेत. काकांशी बोलणं झाल्यावर त्याच ग्रुपवर एक ओळ टाक, ‘हिशेबाबद्दल मी काकांना भेटलो, आम्ही बसून बघतोय, ग्रुपवर टाकलं ते माझं चुकलं.’ आणि ती रात्री टाकू नकोस.

दसऱ्याला तालमीचा नारळ असेल तर दिवस थोडे आहेत. मार्गशीर्षात गावोगाव जत्रा, एकाच रात्री चार ठिकाणी नाटकं, आणि बरे पेटीवाले बोटांवर मोजण्याइतके. काकांशी तुझं जुळो न जुळो, पेटीवाल्याला फोन आजच कर. त्याचा नंबर काकांकडेच असेल.